तपासनिसाच्या कार्डावर इस्त्री

९ नोव्हेंबर

तुझ्या सरकारला म्हणावं, माझ्या फोनमधल्या त्या बाईला आधी बाहेर काढा. कुणालाही फोन लावला की घंटी वाजायच्या आत ती सुरू होते. सावध राहा, आभासी नाण्यांच्या आमिषाला बळी पडू नका, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. मी फोन लावते कोळसेवाल्याला. तिचं प्रवचन संपून तो ओ देईपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याला फुकट बोलणी बसतात. काल पाच वेळा फोन लावला, पाचही वेळा तिने मला शहाणं केलं. अगं, चोर मला फोन करतात, मी चोरांना करत नाही. आलेल्या फोनवर ही बाई गप्प, केलेल्या फोनवर बडबड. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? फसवणूक रोखायच्या तुझ्याच त्या कचेरीतल्या कुणाच्या तरी असणार.

हा झाला राग. आता आशीर्वाद. चि. किटली, सुखी राहा, वेळेवर जेवत जा, आणि पुढचं नीट वाच.

पत्र का लिहिते म्हणशील. गेल्या महिन्यात तूच कळवलंस की हे चोर आता घरच्या माणसांचा हुबेहूब आवाज काढतात, तेव्हा फोनवर नात बोलली तरी खरी मानू नकोस. त्या दिवसापासून मी तुझ्याशी फोनवर बोलणं सोडलं. अक्षर काही त्यांना काढता यायचं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर शिकले, माझं अक्षर मलाच कधीकधी काढता येत नाही.

धाकटीचं तुला अर्धंच सांगितलं होतं. माझ्या या धाकट्या जावेने इस्पितळात चाळीस वर्षं फरश्या पुसल्या आणि निवृत्त होताना हातात आलेली रक्कम त्या कॉइनच्या सल्लागाराला देऊन टाकली, एवढं तुला ठाऊक आहे. आठ महिन्यांपूर्वी तक्रार तूच करायला लावलीस. खोलीचं ठाऊक नाही. घरमालकिणीने नवा करार काढला, अनामत वाढवली, आणि धाकटीने ती भरायला ठेवलेले पैसेही त्याच सल्लागाराच्या घशात गेले. वर्ष संपायच्या आत भर, नाहीतर खोली सोड, असं तिला सांगितलंय. सव्वीस वर्षं राहिली ती त्या खोलीत. मी म्हटलं माझ्याकडे ये. तर म्हणते, जाऊबाई, त्यापेक्षा मी बसथांब्यावर पथारी पसरेन. राग नाही आला मला. एका छताखाली बारा वर्षं काढली आहेत आम्ही, तेरावं दोघींनाही जमायचं नाही.

आता मुद्द्याचं. मेलेल्याला पुन्हा मारायला आले होते. आधी फोन आला की सरकारी कचेरीतून बोलतोय, चोरांकडचे पैसे जप्त झालेत, अर्जदाराचं बँक खातं सांगा. धाकटी पासबुक शोधायला उठली, मी फोन ठेवून दिला. मग टपालाने जाड पाकीट आलं, तक्रारीत पत्ता माझ्याच दुकानाचा दिलाय ना. मी त्यावर खोटं असं मोठ्या अक्षरात लिहून पोस्टमनच्या हाती परत दिलं. परवा तर माणूसच दुकानात उभा, धाकटीही तिथेच बसलेली. म्हणतो मी तपासनीस, कागद दाखवा, खातं सांगा. मी त्याला भिंतीवर चिकटवलेलं तुमच्या कचेरीचं पत्रक दाखवलं, सहावी ओळ. शासन फोनवर, पत्राने किंवा समक्ष येऊन कधीही बँक खात्याचा तपशील मागत नाही. तो म्हणाला, मी त्याच कचेरीतला. आणि गळ्यातलं कार्ड काढून दिलं.

आता कार्ड खरं की खोटं हे मी कसं ओळखणार? मला कापड ओळखता येतं. कुणी रेशीम म्हणून काही आणलं की मी कोपऱ्यावर इस्त्री टेकवते. खरं असलं तर टिकतं, नकली असलं तर आकसतं. कार्डाच्या कोपऱ्यावर टेकवली. आकसलं. फोटोतलं नाक कानाकडे गेलं आणि दुकानभर घाण वास सुटला. तो ओरडायला लागला, मी म्हटलं आता कशाला ओरडतोस, पकडला गेलास. कार्ड उचलून पळालाच. धाकटी मलाच म्हणते, बिचाऱ्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्याला पकडायला माणसं पाठव. पस्तिशीचा आहे, चष्मा, कॉलर झिजली म्हणून उलटी करून शिवलेली, शर्टाची बाही कोपरापाशी विटकी. सरकारी साहेब म्हणून फिरायचं तर धड शर्ट तरी घालावा माणसाने.

तुझी आजी

१४ नोव्हेंबर

प्रिय आजी,

तुला सोळा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तू "तू जी कुणी असशील ती, लाज वाटू दे" म्हणून ठेवलास. म्हणून हे पत्र. डब्याच्या सुट्टीत कचेरीच्या संगणकावर टाइप करते आहे, घाईत आहे, रागावू नकोस.

तो माणूस खरा होता. तुमच्याच जिल्हा शाखेतला तपासनीस आहे. फोन खरा होता आणि तू परत पाठवलेलं पाकीटही खरं होतं. आमच्या लोकांनी सात महिने माग काढून त्या टोळीची कॉइनची तिजोरी गोठवली, त्या कॉइनचे पैसे करून घेतले, आणि आता ते तक्रारदारांना वाटून देत आहेत. असं पहिल्यांदाच घडतंय. धाकटी आजीच्या वाट्याला तिने गमावल्यातले रुपयाला सहा आणे येतात. खोलीची अनामत त्यात भरून निघेल.

पण मागणीपत्र ३० नोव्हेंबरच्या आत दाखल झालं पाहिजे. त्यानंतर न मागितलेली रक्कम सरकारजमा होते. तिच्या फाइलवर आत्ता काय शेरा आहे सांगू? अर्जदाराचा नकार. फोन नाकारला, टपाल नाकारलं, अधिकारी नाकारला.

नात्यातल्या माणसाच्या फाइलला हात लावायचा नाही असा इथे नियम आहे, आणि या महिन्यात कुणालाच रजा नाही. म्हणून मी काही करू शकत नाही. सोबत कोरा अर्ज जोडला आहे. त्यात धाकटी आजीचं बँक खातं, शाखा आणि सही भरून उलट टपाली पाठव.

तुझी किटली

१९ नोव्हेंबर

तू जी कुणी असशील ती, पत्र मिळालं.

माझी नात मला कधी प्रिय म्हणत नाही. शाळेत जायला लागल्यापासून ती तीर्थरूप आजीस असं लिहिते, कारण मी एकदा तिचं पत्र न वाचता परत केलं होतं. दुसरं, पत्र यंत्रावर छापलेलं. तिसरं, घाई आहे, तारीख जवळ आली आहे, बँक खातं भरून धाड. हे तिन्ही चोरांचे गुण म्हणून त्याच पत्रकात लिहिलेत, दुसरी, चौथी आणि सहावी ओळ. चोरा, तू निदान पत्रक तरी वाचायचंस.

आणि समजा तू खरंच किटली असशील, तर तुला चार गोष्टी ऐकवायच्या आहेत, म्हणून हे पाकीट कचेरीच्या पत्त्यावर धाडते. चोराला मिळालं तर त्यानेही वाचावं.

मी धुलाई-इस्त्रीचं दुकान चाळीस वर्षं चालवते. कपडे घेताना एक चिठ्ठी दोन तुकड्यांत फाडते. एक गिऱ्हाइकाला, एक कपड्याला टाचलेला. न्यायला आलेल्या माणसाने त्याचा तुकडा दाखवायचा, मी माझा दाखवायचा, फाटलेली कड कडेला लागली की काम झालं. ना त्याने मला फसवायचं, ना मी त्याला. तुमचं सरकार काय करतं? धाकटीने तक्रार केली तेव्हा तिच्याकडून सगळं लिहून घेतलं, तिच्या हातात ओळखीचं काय दिलं? काही नाही. आता सरकार दारात उभं राहून म्हणतं, तुम्ही कोण ते सिद्ध करा. आधी तू कोण ते सांग की बाबा. चिठ्ठीचे दोन्ही तुकडे तुमच्याच खिशात, आणि आम्ही डोळे मिटून कपडे द्यायचे.

दुसरं सांगते ते जास्त मनाला लागण्यासारखं आहे. परवापासून धाकटीला एका माणसाचा फोन येतो आहे. हा म्हणतो तो पैसे सोडवून देणाऱ्या कंपनीतला. हा खोटा, एवढं मला कळतं. पण बोलतो कसा? मावशी म्हणतो. जेवलात का, गुडघा कसा आहे, औषध घेतलं का. तुझा तो तपासनीस खरा असेल तर त्याने दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या काय म्हणावं? "अर्जदार कोण?" पाकिटावर काय लिहिलेलं? उपरोक्त प्रकरणी. धाकटीने मला विचारलं, उपरोक्त म्हणजे मेलेला का? खोट्याला माणसाशी बोलता येतं आणि खऱ्याला येत नाही, मग ती कुणाचं ऐकेल? त्या पहिल्या सल्लागाराची आठवण अजून काढते ती. म्हणते, पैसे नेले ते नेले, पण विचारपूस करायचा. मी हातातली इस्त्री खाली ठेवली आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

आता परीक्षा. किटली असशील तर हाताने लिही. आणि सांग, म्हाताऱ्या वकिलाच्या काळ्या कोटाच्या खिशात आपल्याला काय सापडलं होतं आणि मी त्याचं काय केलं. हे तीनच माणसांना माहीत आहे, त्यातला वकील वारला.

आजी, जर तू तीच असशील तर

२२ नोव्हेंबर

तीर्थरूप आजीस,
साष्टांग नमस्कार.

दातांची कवळी. वरची. तू ती धुतलीस, रुमालात बांधलीस, कोटाच्या बटणाला लटकवलीस आणि चिठ्ठीवर "कोट एक, दात चौदा" असं लिहून दिलंस. पटलं?

हात दुखतो आहे, हाताने लिहायची सवय गेली. तरी लिहिते. आजी, मी दिवसभर अशाच माणसांशी बोलते. साठ जणांना आम्ही पैसे परत द्यायला गेलो, त्यातल्या एक्केचाळीस जणांनी आमच्या लोकांना हाकलून दिलं. एकाने कुत्रा सोडला. कार्डावर इस्त्री मात्र फक्त तू फिरवलीस. ती हकिकत साऱ्या कचेरीत फिरली आहे, आणि ती बाई कुणाची आजी हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या पत्रकाची सहावी ओळ मीच लिहिली. शासन कधीही खात्याचा तपशील मागत नाही. लिहिली तेव्हा ते खरं होतं, कारण पैसे कुणाला परत मिळतील असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. चोरांना पकडायची तयारी केली, लोकांना सावध करायची केली, पैसे परत द्यायची वेळ येईल याची कुणी केलीच नाही. आता पत्रक लाखोंनी छापून भिंतींवर गेलं आहे. ती ओळ बदला म्हणून मी तीन वेळा लिहून दिलं. तुझ्या दोन तुकड्यांच्या चिठ्ठीचं मोठ्या साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, यावर समिती नेमू. समितीत कोण असावं हे ठरवायला आधी एक बैठक आहे. ती जानेवारीत.

तेव्हा जानेवारीची वाट न बघता ऐक. टपालाने आता वेळेत पोचणार नाही. धाकटी आजीला घेऊन जिल्हा शाखेत जा. सरकारी इमारत, तिसरा मजला, तू जन्ममृत्यूच्या दाखल्याला गेली होतीस तीच. म्हणजे इमारत खरी की खोटी हा प्रश्न उरत नाही. तिथे तोच तपासनीस भेटेल. त्याची माफी माग. कार्ड खराब केलं म्हणून त्याला लेखी अहवाल द्यावा लागला आणि नवं कार्ड अजून मिळालेलं नाही. नकाराचा शेरा काढायचा तर त्याचाच कागद लागेल.

आणि त्या मावशी म्हणणाऱ्या माणसाला एक दमडीही देऊ देऊ नकोस. आधीच्या टोळीने आपल्या गिऱ्हाइकांची यादी विकलेली असते, ती घेऊन हे दुसरे येतात.

तुझी किटली

२५ नोव्हेंबर

चि. किटलीस,

कवळी बरोबर. चौदा बरोबर. तूच आहेस.

पण आता धाकटी यायला तयार नाही. मी काल सकाळी दुकान बंद ठेवून, चांगलं लुगडं नेसून तिच्या दारात उभी. ती खाटेवरून उठेना. तिचं म्हणणं असं, की सरकार रुपयाला सहा आणे देतंय, हा मुलगा सोळा आणे सोडवून देतो म्हणतो, फक्त आधी थोडं शुल्क भरायचं. सहा आणे घेतले की बाकीच्यावर पाणी सोडल्याची सही करावी लागते, असं त्याने तिच्या मनात भरवून दिलंय. शुल्कासाठी काय विकणार म्हणून विचारलं तर तोंड फिरवलं. मी फळीवर बघितलं, तर शिवणयंत्र जागेवर नाही. घरमालकिणीच्या भाचीला दाखवायला नेलंय म्हणे. शुल्क शनिवारी सकाळी भरायचं ठरलंय.

मी बोलायचं ते सगळं बोलले. चाळीस वर्षांत बोलले नव्हते तेही बोलले. ती शांतपणे म्हणाली, जाऊबाई, तुम्ही मला कधी जेवलीस का असं विचारलंय? मी म्हटलं, तुझ्या ताटात काय आहे ते मला दिसत होतं, विचारायचं कशाला. तिने दार लावून घेतलं.

माझ्याच्याने हे आवरत नाही. ते तुझं सरकार तिथे उभं आहे पैसे घेऊन आणि ही इथे दाराला कडी लावून बसली आहे. पाच दिवस उरलेत. तू तिला लिही. मला लिहू नकोस, तिला लिही. मी दाराखालून सरकवते.

आजी

२७ नोव्हेंबर
(तातडीच्या टपालाने)

तीर्थरूप धाकटी आजीस,
साष्टांग नमस्कार.

आठ महिन्यांत मी तुला एकच गोष्ट विचारली, तक्रारीचा क्रमांक काय. तू कशी आहेस हे विचारलं नाही. ते आज विचारते, आणि उशीर झालाय हे मला माहीत आहे.

त्या वकिलाचा काळा कोट तुला आठवतो का? एका वर्षी त्याच्या पाठीवर इस्त्रीचा चकचकीत डाग पडला आणि आजीने तुला दोन दिवस धारेवर धरलं. तो डाग मी पाडला होता. नऊ वर्षांची होते, तू बघत होतीस, आणि तू काही बोलली नाहीस. मीही बोलले नाही. मला वाटतं, तुला लोकांना वाचवायची खोड आहे, आणि फसवणाऱ्यांना ती लांबूनच कळते.

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. हेच सगळे म्हणतात. एवढंच कर. त्याचा फोन आला की सांग, शुल्क माझ्याकडे नाही, ते तू मिळणाऱ्या पैशातून कापून घे आणि उरलेले मला दे. वर दुप्पट शुल्क घे म्हण. पैसे खरे असतील तर त्याला यात फायदाच आहे. तो काय म्हणतो ते ऐक, आणि मग कुणाबरोबर जायचं ते तूच ठरव. सहा आणे घेतल्याने बाकीच्यावरचा हक्क जात नाही. पुढे आणखी काही सापडलं तर त्यातलाही वाटा मिळतो. हे मी माझ्या हाताने लिहून सही करते आहे.

यंत्र विकू नकोस.

तुझी किटली

२ डिसेंबर

चि. किटलीस,

कोटाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. डाग डाव्या हाताने पाडलेला होता आणि घरात डावखुरी तू एकटीच. पण तुला बोलले असते तर तू इस्त्रीला हात लावायचंच सोडलं असतंस. धाकटीला बोलणं सोपं होतं. हे तिला मी परवा सांगितलं. ती म्हणाली, मलाही माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. असो.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दाराखालून सरकवलं. तासाभराने तीच दुकानात आली, पत्र माझ्यापुढे वाचायला ठेवलं आणि स्टुलावर बसली. फोन मांडीवर. संध्याकाळी त्याचा आला. तिने तू लिहिलंस तसं शब्दाला शब्द सांगितलं, दुप्पट शुल्कासकट. तो आधी हसला, मग समजावायला लागला, मग म्हणाला असं नियमात बसत नाही. ही आपली सरळ, म्हणाली मग चौपट घे. मावशीची म्हातारडी झाली. काय काय बोलला ते मी लिहिणार नाही. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याला विचारलं, तू जेवलास का? तिकडून फोन बंद. तिने तो परत लागतो का म्हणून बघितलंही नाही. मला म्हणाली, उद्या किती वाजता निघायचं.

शनिवारी तिसाव्या तारखेला निघालो. तुमची ती इमारत. तिसरा मजला, जिन्याचा कठडा तुटलेला, पंख्याखाली माणसं आणि माणसांखाली बाकं. तुझा तपासनीस टेबलाशी बसलेला, गळ्यात तेच कार्ड, नाक अजून कानापाशी. मला बघून त्याने कार्ड शर्टाच्या आत घातलं. मी माफी मागितली नाही, ते मला जमत नाही. मी म्हटलं, शर्ट आणून दे, कॉलर नवी बसवून देते, पैसे नकोत. तो म्हणाला, अर्जदारांना बसायला सांगा. मी म्हटलं, त्यांना आजी म्हण, त्या काही कागद नाहीत.

अर्ज भरला. सही झाली. मग खिडकीवरच्या बाईने यंत्र पुढे केलं, अंगठा ठेवा. धाकटीने ठेवला. यंत्र म्हणतं, जुळत नाही. पुसून ठेवला. जुळत नाही. दहाही बोटं झाली. चाळीस वर्षं फरशीची औषधं त्या हातांवर, रेघा उरल्यात कुठे? खिडकीवरची बाई म्हणाली, ओळख पटत नाही, वरून मंजुरी आणा. वर कोण आहे, तर शनिवारी वर कुणी नसतं. आणि तोच शेवटचा दिवस. मी म्हटलं, ही समोर बसली आहे, बोलते आहे, तिची ओळख ती स्वतः आहे. बाई म्हणते, तसा रकाना नाही.

मी तिथे जे बोलले ते तुझ्या कानावर येईलच. तीन मजल्यांवर ऐकू गेलं म्हणतात. पण उपयोग शून्य. धाकटी पिशवी उचलून उठली, म्हणाली चला जाऊबाई, माझ्यामुळे यांना त्रास नको. तेव्हा तो तपासनीस उठला. कपाटातून एक फाइल काढली आणि खिडकीवरच्या बाईला वाचून दाखवायला लागला. ती माझ्यावरची तक्रार होती. लिहिलेलं असं: अमुक तारखेला अमुक पत्त्यावर अर्जदार समक्ष भेटली, वय, बांधा, डाव्या भुवईवरचा व्रण, अर्जदार कागद दाखवण्यास तयार होती व पाणी आणण्यास उठली होती, परंतु तिच्या जावेने शासकीय ओळखपत्रावर तापलेली इस्त्री ठेवली. खाली त्याची सही, त्याच्या साहेबाची सही, शिक्का. तो म्हणाला, अर्जदाराची समक्ष ओळख पटल्याचा सरकारी कागद हा आहे, आणि नकार अर्जदाराचा नव्हता हेही यातच आहे. बाईने दोनदा वाचलं. मला विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, अक्षरन् अक्षर. कबुलीजबाबावर माझीही सही घेतली. पाच मिनिटांत पोचपावती हातात.

तिथे हे पत्र संपायला हवं होतं. मीही तसंच समजून घरी आले.

काल पोचपावती घेऊन आम्ही दोघी घरमालकिणीकडे गेलो. पैसे नव्वद दिवसांत येतील असं तीवर लिहिलंय, तेवढे दिवस थांब, एवढंच मागणं. ती वाईट बाई नाही. तिने पावती उजेडात धरली, उलटी करून बघितली आणि आत जाऊन दुसरा एक कागद घेऊन आली. तो धाकटीनेच तिला मागच्या वर्षी दिलेला होता. कॉइनमध्ये तिप्पट झाल्याचा दाखला, सोनेरी कडा, दोन शिक्के, रंगीत सही. त्याच्या भरवशावर ही बाई तेव्हा अनामतीसाठी चार महिने थांबली होती. ते मला कालच कळलं. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, "तो खोटा निघाला आणि तो ह्याच्यापेक्षा देखणा होता. मग ह्याला मी खरा कसा मानू?"

मला तिचं म्हणणं पटलं. लिहून ठेव, ही गोष्ट रोज होत नाही. तुमची पावती पातळ कागदावर, शाई पुसट, शिक्का अर्धा बाहेर. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आणि फोन करून विचार म्हणावं, तर पावतीवरच्या क्रमांकावर फोन लावला की आधी ती बाई बोलते, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, आणि मग कुणी उचलत नाही.

धाकटी तिथेच पायरीवर बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, ती बरोबर बोलते आहे, मी तिला एकदा फसवलंय. घरमालकिणीने तिला उठवलं, आत नेऊन बसवलं, पण महिनाअखेरीचा शब्द मागे घेतला नाही.

तेव्हा आता असं. हे पत्र तू वाचलंस की ते तुझ्या त्या मोठ्या साहेबाच्या टेबलावर ठेव, समितीच्या कागदांच्या वर. सोबतच्या पाकिटात त्याच्यासाठी घरमालकिणीचा पत्ता दिला आहे. त्याने तिला लिहायचं. यंत्रावर नाही, हाताने. उपरोक्त वगैरे नाही, बाई म्हणून. मी अमुक, इथे बसतो, हे पैसे खरे आहेत, अमुक तारखेला येतील, नाही आले तर जबाबदार मी, असं. नाव वाचता येईल अशी सही आणि तो स्वतः उचलेल असा फोन. विश्वास ठेवू नका हे सांगायला त्याने लाखो कागद छापले, विश्वास ठेवा हे सांगायला एक लिहिताना हात झिजणार नाही.

मला उत्तर नको. धाकटीलाही नको. तू तर लिहूच नकोस, तुझ्या अक्षरावर ती म्हणेल नात आहे, लिहिणारच. साहेबानेच लिहायचं, घरमालकिणीलाच, आणि तिने उलट जे जे विचारलं त्या प्रत्येकाला त्यानेच उत्तर द्यायचं, तिचं समाधान होईपर्यंत.

आजी